ससा रडतो तशी पिपाणी

६ जानेवारी, सोमवार

पंजा माझ्या तळहाताएवढा!

मोटारीच्या पाइपाजवळ ओल होती, तिथं उमटलेला. एक न्हाई, चार. उसातून आलेले, उसातच गेलेले. काकासाहेब मालक वाकून बघत म्हणाले, "कुत्रं असंल रे." राधेश्याम ट्रॅक्टरवाला खाली बसला, बोटानं मापलं. "कुत्र्याची नखं उमटत्यात, मालक. ह्याला नखं कुठं हायेत?"

मालक उठले. म्हणाले, "आईला सांगू नका."

मला मात्र वेगळंच आठवत होतं. शुक्रवारी सांजच्याला मी ह्याच बांधावर बसून बोरीची नवी पिपाणी वाजवून बघितल्ती. कोल्ह्याची वाट बघत होतो. कोल्हा आला न्हाई.

मंग कोण आल्तं?

७ जानेवारी, मंगळवार

कुणाला सांगता येत न्हाई म्हणून इथं लिहितो. सातवीत शाळा सुटली, शुद्धलेखन कधी जमलंच न्हाई. ही वही कोण तपासतंय!

आमच्या गावाहून, केदारखेड्याहून निघून चार वर्षं झाली. पुण्यात हॉटेलात भांडी घासली, वाळूजला पॅकिंग केलं, मंग एका फर्निचरवाल्याकडं राह्यलो. सगळीकडून पळालो. सांगून असं एकबी काम सोडलं न्हाई. आता इथं घनसावंगीच्या पुढं, गोदावरीकाठी, काकासाहेबांच्या उसाला पाणी देतो. इथं मात्र सव्वा वर्ष झालं. कसं काय टिकलो, मलाच कळंना.

फर्निचरवाल्याकडं लाकडाची खोड लागली. मोबाईलवर बघितलं, बाहेरच्या देशात मानसं लाकडाची पिपाणी करतात. फुंकली की पकडलेला ससा रडावा तसा आवाज! तो ऐकून कोल्हे, लांडगे येतात. ती मानसं बंदूक घेऊन बसतात. मला बंदूक नको. मला नुसतं कुणीतरी यावं वाटतं. कोल्हा बांधावर येतो, कान उभे करतो, ससा कुठंय बघतो — आणि मी दिसलो की असा वरमून पळतो, की हसू येतं.

चाकू, करवतीचं तुटकं पातं आणि सळई, एवढंच सामान. सळई लाल करून मधून भोक पाडायचं. धूर डोळ्यात जातो. बोरीचं लाकूड बराबर. बाभळ चिरते. तोंडाशी सपाट करून वर प्लास्टिकची पत्ती बांधायची. सगळा खेळ पत्तीचा. जाड राह्यली तर बदकाचा आवाज, पातळ झाली तर सशाचा.

अशा सात झाल्यात. गोठ्यातल्या पिशवीत हायेत.

आठवी मावशीकडं हाय. भीती तिचीच हाय.

८ जानेवारी, बुधवार

आसराबाई मावशी म्हणजे मालकाची आई. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आवाज गेला. नुसती फुसफुस. कान तोंडाशी न्यावा लागतो. आधी ताट वाजवून बोलवायची. मोटार चालू असली की कुणाला काय ऐकू येतंय! एकदा चुलीपाशी पदर पेटला. हाक मारता येईना. हातानंच विझवला. आम्ही सगळे उसात. संध्याकाळी हाताला फडकं बघितलं तेव्हा कळलं. मालक त्या दिवशी जेवले न्हाईत.

मंग दिवाळीत मी तिला पिपाणी करून दिली. पत्तीला काय मिळंना, तर तिनं तिच्याच गळ्याचा जुना एक्सरे काढून दिला. त्याचीच कापली. एकदा वाजली की जेवायला, दोनदा वाजली की चहा, तीनदा म्हणजे जल्दी ये.

पहिल्यांदा फुंकली तेव्हा तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडं बघतच राह्यली. लई वेळ. मला वाटलं, आनंद झाला.

हा ससा हाय, हे मी तिला सांगितलंच न्हाई. मला दुसरा आवाज काढताच येत न्हाई ना! नुसतं म्हणलं, पिपाणी हाय मावशी.

म्हणजे दिवाळीपासून रोज चार-पाच वेळा आमच्या अंगणात ससा मरून राह्यलाय. आणि उसात ते ऐकणारा बसलाय.

१० जानेवारी, शुक्रवार

आज दोनदा चहाला बोलावलं. दोन्ही वेळा पळत गेलो, मागं बघत.

१२ जानेवारी, रविवार

शेजारच्या रखमाजीची शेळी नेली. दिवसाढवळ्या, पाच वाजता! नुसतं दावं राह्यलं खुंट्याला. रखमाजी रडत बी होता आणि बोलत बी होता. "सासू तिथंच बसल्ती बाजंवर, तिला सोडलं आन् माझी दुभती शेळी नेली! जनावराला बी कळतं बघा."

वनखात्याची दोन मानसं आली. ठसे बघितले. बिबट्याच हाय म्हणाले, मोठा नर. एकट्यानं उसात जाऊ नका, मोबाईलवर गाणी लावा, वाकून काम करू नका. पिंजरा आणतो. मंग त्यातला थोराड माणूस म्हणाला, "आन् कुणी शिट्ट्या-बिट्ट्या वाजवून जनावर बोलावत असंल तर आत्ताच सांगा. केस होती. जामीन बी लवकर होत न्हाई."

माझे कान गरम झाले.

रखमाजी म्हणतो, "शिट्टी न्हाई साहेब, पण इकडून ससा रडल्यावानी ऐकू येतं. रोजचं."

मालक हसायला लागले. "अहो ती आमच्या आईची पिपाणी! चहाला बोलावती ती. ह्या संघपालनं बनवली. कलाकार हाय आमचा."

सगळे हसले. साहेब बी हसला. पण हसता हसता माझ्याकडं बघितलं त्यानं. हातांकडं बघितलं. माझ्या बोटांवर सळईचे डाग हायेत.

१३ जानेवारी, सोमवार

सातही चुलीत घातल्या. मावशी बाहेर गेल्ती तेवढ्यात. बोरीच्या तीन, शिसमाच्या दोन, चिंचेची एक, एक कशाची होती आठवत न्हाई. शिसमाची जळंना. तिच्या तोंडातून धूर निघाला, फुंकल्यावानी. मी फुकणीनं आत ढकलली.

पिंजरा आलाय. उसाच्या कडेला ठेवला. आत शेळी. ती दिवसभर ओरडते.

मावशीची राह्यली. दाराच्या खिळ्याला लोंबकळून राह्यलीय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मावशीनं तीळगूळ दिला. मी म्हणलं, मावशी, एक सांगायचं होतं. तिनं कान पुढं केला. तिला ऐकायला बराबर येतं, पण सगळ्यांनी तिच्याजवळ कान नेऊन नेऊन तिला बी सवय लागलीय. तो कान बघितला आणि माझं धाडस गेलं. म्हणलं, तीळगूळ लई भारी झालाय.

थू माझ्या तोंडावर.

सांगितलं तर मालक काय म्हणतील? अडीच महिने माझ्या आईच्या हातात तू हे दिलंस? रखमाजी तर काठीच घेईल. आणि तो थोराड साहेब. घरी बाबांना कळलं तर! ते म्हणतात, एका जागी राहा, नाव कमव. हे नाव कमावलं.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी खिळ्यावरून काढली. कमरेला खोचली. मावशीनं अंगण शोधलं, चूल शोधली, कणगीमागं शोधलं. मला विचारलं, हातानं. मी मुंडी हलवली. न्हाई बघितली.

दुपारी बांधावरून घराकडं नजर गेली. ती उसाच्या कडेला उभी, पिंजऱ्यापासून जरा अलीकडं. तोंड उघडत होती, मिटत होती. हात हलवत होती. आवाज काहीच न्हाई! मला हाक मारून राह्यली होती. जेवण झालंय म्हणून सांगायला उसापर्यंत चालत आली. एकटी. त्या उसापर्यंत!

मी असा पळालो की चप्पल चिखलातच राह्यली. तिला धरून घरी आणलं. ती हसत होती, काय झालं रे लेकरा म्हणून.

पिपाणी असली तर तो घराकडं येणार. नसली तर ही उसाकडं जाणार. काय करू!

१७ जानेवारी, शुक्रवार

जाड पत्ती टाकून बघितली. म्हणलं, गोठ्यात सापडली मावशी, दुरुस्त केली. तिनं फुंकली. बदक! राधेश्यामनं ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "क्या रे, म्हैस पादली का?" मावशी हसून हसून खाली बसली. पण बदक गोठ्याच्या पलीकडं जात न्हाई. तिनं दोन वेळा करून बघितलं, मंग पिपाणी माझ्या हातात ठेवली आणि जुन्या पत्तीकडं बोट दाखवलं. तीच टाक.

मी म्हणलं, हीच चांगली हाय.

तिनं मान हलवली. तीच.

टाकली. दुसरं काय करणार होतो? उद्या सांगतो. उद्या नक्की.

१८ जानेवारी, शनिवार

न्हाई सांगितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

अक्षर लागत न्हाई. तरी लिहितो.

मालक ऊसतोडीची पाळी विचारायला अंकुशनगरला साखर कारखान्यावर गेल्ते. लाईट साडेचारला आली. पाण्याची पाळी चुकवता येत न्हाई, ऊस वाळून राह्यलाय. मोबाईलला चार्जिंग न्हाई, म्हणून गाणी न्हाईत. खोकत, फावडं आपटत आत गेलो. दहाव्या सरीत पाणी वळवायला वाकलो. वाकू नका म्हणल्ते. पण उभ्यानं पाणी कसं वळवायचं?

सव्वापाच-साडेपाच असंल. मागं पाचट वाजलं. थांबलं. परत वाजलं. उंदीर म्हणावं तर उंदीर थांबत न्हाई. वास आला. गोठ्यात मांजर मुतल्यावानी, पण त्याच्या दसपट. मी वाकलेलाच. सरळ व्हायची हिंमत न्हाई. पाणी माझ्या पायावरून चाललंय, थंड, आणि मला बाकी काहीच ऐकू येईना. पक्षी बी न्हाई.

तेवढ्यात पिपाणी वाजली.

एक न्हाई, दोन न्हाई, तीन न्हाई. वाजतच राह्यली! तसं मी स्वतः पण कधी वाजवलं न्हाई. ससा रडावा, दमावा, परत रडावा. एकदम खरा.

माझ्या मागं, सात-आठ हातांवर, ऊस हलला. शेंडे हलत गेले. घराकडं. सरळ रेघ मारल्यावानी घराकडं!

मला कळलं तो कुठं चाललाय. आणि मी पळालो न्हाई. हे खरं लिहितो. फावडं धरून उभा राह्यलो. तिकडं पिपाणी वाजतीय आणि माझं मन म्हणतंय, तो गेला, तो गेला, तू वाचला. मंग पिपाणी एकदम बंद झाली. तेव्हा पळालो. वरडत पळालो.

मावशी गच्चीवर. तुरी वाळत घातल्या होत्या तिथं. बांबूची शिडी वर ओढून घेतलेली. खाली अंगणात राधेश्यामचा ट्रॅक्टर, हॉर्न दाबून धरलेला, तो पांढराफटक. "आत्ता इथं होता! भिंतीला पाय लावून वर बघत होता! हॉर्न वाजवला तेव्हा गेला नदीकडं." भिंतीवर ओरखडे, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. अजून एक उडी मारली असती तर!

मी मावशीला खाली उतरवलं आणि तिच्यावर वरडलो. तिच्या घरात उभा राहून! "चहाला अशी वाजवतात का? कशाला वाजवली? कशाला?"

मंग सगळं सांगितलं. ससा. कोल्हे. चुलीत जाळलेल्या सात. चोरलेली पिपाणी. मी तुला मारलं असतं मावशी, म्हणलं. राधेश्याम ऐकत होता, त्याला बी सांगितलं. तो म्हणाला, "मालकाला तू सांगशील का मी सांगू?"

मावशीनं माझ्या पायावरचा चिखल बघितला, उठली, भाकरी थापायला बसली.

मालक उद्या येतील. कपडे पिशवीत भरलेत. सकाळच्या जीपनं जातो. न सांगता. तेवढंच जमतं मला.

२२ जानेवारी, बुधवार

रस्त्यापर्यंत गेल्तो. मागून ताट वाजलं. पिपाणी न्हाई, ताट.

परत गेलो. तिनं माझा कान धरून तोंडाशी नेला. धापा टाकत, तुकड्या-तुकड्यानं बोलली. "माझा बाप मेंढरामागं हिंडायचा. असली पिपाणी करून लपल्यालं लांडगं बाहेर बोलवायचा. पयल्या दिशीच वळखली म्या. वाटलं, तू लांब बांधावर, तुला ऐकू आलं म्हंजी झालं." थांबली. दम घेतला. "काल गच्चीवरनं दिसलं. तू वाकल्याला, आन् त्यो तुज्या सरीत शिरला. तुजं नाव घ्यावं तर घशात काय हाय? म्हणून त्याला हाक मारली."

लई जोरात फुंकली काल. पत्ती चिरलीय. उरलेला एक्सरे तिनं माझ्या पुढ्यात ठेवलाय, आणि कात्री.