खिडकीजवळची खाट

६ जानेवारी
माणिकपूरच्या हॉस्पिटलात आज रुजू झाले! जूचंद्रहून दोन रिक्षा बदलाव्या लागतात, पण काम मनासारखं मिळालं. कॅज्युअल्टीत येणाऱ्या पेशंटच्या रक्तातली दारू तपासायचं नवं मशीन आलंय आणि ते चालवता येतं फक्त मला. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा लावू नका, असं सगळ्यांना बजावलं. लविना सिस्टरनी गिरीजच्या वाडीतली केळी दिली. गोड बाई.

११ जानेवारी
कॅज्युअल्टीचे डॉक्टर श्रीरंग सर पेशंटचं तोंड हुंगतात, 'प्यायलाय, झोपू दे' म्हणतात आणि मोकळे होतात. मग मशीन काय शोभेला आणलंय? आज पांडूकाका रिक्षावाले आले, डोक्याला मार. खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं. वास येत होता खरा. हट्टाने रक्त तपासलं, तर दारू शून्य! सर म्हणाले, मशीन बिघडलंय. स्कॅन केलाच नाही.

१२ जानेवारी
पांडूकाका झोपेतच गेले. मेंदूत रक्तस्राव. संतापाने रडू आलं.
लविना सिस्टर म्हणाल्या, पहिला त्या खाटेवर पाचूबंदरचा स्टॅनी गेला. बोटीवर डोकं आपटलेलं, आईने जखमेवर गावठी दारू चोळलेली, त्यांच्याकडे चोळतातच. सरांना वास आला. 'मी पिलो नाय गो' म्हणत म्हणत तो गेला. तेव्हापासून त्या खाटेवर कुणीही निजलं तरी वास येतो म्हणे. काहीतरीच!

१७ जानेवारी
उन्नती, सातवीतली, सायकलवरून पडलेली. त्याच खाटेवर. तिच्या तोंडाला गावठीचा वास! सर तिच्या आईवरच ओरडले. मी पोरीला दुसऱ्या खाटेवर हलवलं, वास गेला. मग स्कॅन झाला. वाचली.
ती खाट काढा म्हणून भांडले. सर हसले. कुणी ऐकून घेईल तर शपथ!

१९ जानेवारी
स्वतःच खाट बाहेर ओढत होते. ओली फरशी, पाय घसरला. डोकं—
जाग आली ती खिडकीजवळ. सर वाकले, हुंगलं, म्हणाले, मुलगी बरी वाटली होती. झोपू दे.
मी आयुष्यात थेंबही—
रक्त तपासा म्हटलं. तपासणार कोण? मशीन फक्त मलाच—

लविना सिस्टर रजेवर. उलटी झाली. उजवा हात जड. झोपायचं नाही. झोपायचं—

कुणीतरी पुटपुटतंय. मी पिलो नाय गो. मी पिलो नाय—
इथे दुसरं कुणी नाही. ओठ माझेच हल