बाबांनी मिरवलेला चमचा

४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन का नाही केलास, असं म्हणशील. पण हे फोनवर विचारायला जीभ रेटेना.

थरथरत्या हातांसाठी जड मुठीचे चमचे करणारा एक कारागीर माझा अशील आहे. एका बड्या कंपनीने त्याच रचनेचं पेटंट घेतलंय आणि आता त्याचं दुकान बंद पाडायला निघालीय. पेटंटच्या आधी असा चमचा चारचौघांत वापरात होता हे सिद्ध झालं, तर तो वाचेल. ओळखलंस ना? बाबांनी तुला करून दिलेला! ताईच्या लग्नाच्या चित्रफितीत तू त्यानेच सूप पितेस. ती फीत तू कुणाला बघू देत नाहीस, ठाऊक आहे मला. बाबा आता नाहीत, म्हणून तुझी साक्षही लागेल. प्रश्न मी नाही, आमच्या वरिष्ठ वकील मॅडम विचारतील. नको असेल तर नको म्हण, मी पुन्हा विषय काढणार नाही.

वेळेवर जेव गं.
तुझी बबडी

९ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

हात ऐकत नाही, अक्षर कसंबसं लावून घे. आधी तुझा रागच आला. हा हात दिसू नये म्हणून चारचौघांत जेवणं सोडलं, तू भरवायला आलीस तर तुलाही हाकललं, आणि आता भर कोर्टात दाखवायचा? मग फीत लावली. एकटीनेच पाहिली. येते मी.

माझी माया आहेच, तुझीही असू दे.
आई

२ मार्च

ती. आईस,
सा. न.

जिंकलो! पेटंट रद्द! कंपनीच्या वकिलांनी तुला विचारलं, की चमचा लपवूनच वापरायचात ना. तू हो म्हणाली असतीस तर सगळं मुसळ केरात. आणि तू म्हणालीस, लपवला तो हात. चमचा तर लेकीच्या लग्नात नवऱ्याने माझ्या हातून काढून टेबलाटेबलावर मिरवला, माझं सूप गार झालं! न्यायाधीशही हसले. मी मागच्या बाकावर रडत होते.

कंपनी अपिलात जातेय, तोवर तुझा चमचा पुरावा म्हणून कोर्टातच राहील. अशिलाने तुझ्यासाठी नवा पाठवलाय.

तुझीच,
बबडी

७ मार्च

चि. बबडीस,
आशीर्वाद.

वकीलबाई, कोर्टात रडतात का? नवा चमचा मिळाला, छान आहे. रोज वापरते.

रविवारी मात्र ये. त्या दिवशी तो ड्रॉवरमध्ये ठेवीन. तू भरव.

वाट पाहणारी,
आई