पहिलवान जात्यावर

मानवत, जानेवारी १९५७

प्रिय भुजंगा,

परवा तुझ्या आई, धुरपदाकाकू, चुडाव्याहून बाजाराला आल्या होत्या. मला पाहून डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "सटवाजी, पोरानं लंगोट खुंटीला टांगलाय. म्हनतो, दोस्ताचा पाय माज्या हातनं गेला, आता मातीला शिवनार न्हाई." ऐकल्यापासून मला भाकरी गोड लागत नाही, आणि माझी भाकरी तुला ठाऊक आहे. म्हणून आधी हे वाच: पाय गेलेला नाही. चांगला शाबूत आहे आणि रोज पायलीभर ज्वारी दळतो आहे.

सेलूच्या कुस्तीच्या फडात मी ओरडून आडवा झालो आणि गुडघा धरला, ते तू पाहिलंस. दुखत होती जांघ. पण एवढ्या लोकांपुढे, त्यात सासरे पहिल्या रांगेत, जांघ कशी धरायची? गुडघा धरला. झालं! आश्रुबा वस्तादांनी पंधरा दिवस त्या निर्दोष गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप थापला. गुडघा पिवळाधमक झाला, मी लंगडा तो लंगडाच. आपला जिल्हा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात गेला, पण माझी जांघ काही जागची हलेना.

शेवटी चतुराआत्यानं माझी चाल पाहिली. तिनं चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं केलेली, तिच्यापासून काय लपणार? म्हणाली, "दुखायलंय वर, अन् गुडघ्याला कामून लेप लावायलास? बस जात्यावर." एक पाय दुमडून, दुसरा बाजूला लांब. खुंटा फिरवताना अंग पुढं झुकतं आणि जांघेत ताण बसतो. ताण लागला की तिथंच दम धरायचा, कळ आली की मागं यायचं. मी पहिल्याच दिवशी पहिलवानकी दाखवली, पाय एकदम फाकवला आणि ज्वारीच्या टोपलीसकट कोलमडलो. आत्यानं पाठीत असा रपाटा घातला की वस्ताद बरे. तेव्हापासून रोज बोटभर पुढं. महिन्याभरात लंगडणं गेलं, आता उकिडवा बसतो, पळतोही. मात्र आळीत बातमी फुटल्यापासून सकाळी दारात टोपल्यांची रांग लागते. शेजारच्या कडूबाईची तक्रार, पहिलवानाचं पीठ जाडं पडतं. आणि आमच्या दैवशालेला वाटतं, नवऱ्याचा हा आजार असाच चालावा. तसं ती बोलूनही दाखवते.

आता जे लिहायला हात कचरतो आहे, ते लिहितो. माझी जांघ तू मोडली नाहीस. कुस्तीच्या सकाळी मी सासऱ्यांच्या ओट्यावरून मोठ्या रुबाबात गाडीत चढत होतो. एक पाय ओट्यावर, एक गाडीत, आणि बैल निघाले; जांघेत कळ उठली ती तिथंच. गावभर दवंडी झाली होती, माघार घ्यायची लाज वाटली, तसाच फडात उतरलो. तू माझा पाय ओढून पट काढायला वाकलास, तुझा हात अजून लागलाही नव्हता, मी त्याआधीच ओरडलो. लोक तुला शिव्या देत धावले आणि मी गप्प राहिलो. बैलांनी पाडलं म्हणण्यापेक्षा भुजंगानं मोडलं म्हणणं मला सोयीचं वाटलं. भुजंगा, माझं चुकलं, फार चुकलं. काल तालमीत सगळ्यांसमोर हे सांगितलं. वस्ताद हसत हसत कुस्तीच्या मातीच्या हौदातच बसले, आणि उठल्यावर महिनाभर माती खणायची शिक्षा दिली. चैत्रात इथल्या जत्रेत कुस्त्या आहेत. मी तुझं नाव दिलं आहे, जोडीला माझं. ये, आणि या खेपेला मला तू पाड.

तुझाच, तुझी वाट पाहणारा,
सटवाजी