सगळे गोड बोलू लागले तेव्हा

बोल्सवर्ड, गुरुवार

ती. दिउकेताईस,

धाकट्या विब्रनचा नमस्कार. तुझा खोकला गेला का? भावोजी बरे आहेत ना? इकडे सगळं छान आहे, आणि मध्यंतरी मला संशय नेमका त्याचाच आला होता.

ताई, मध्ये पंधरा दिवस माझ्याशी सगळे गोड बोलत होते. आपल्यात कधी असं झालंय? लोबके (तुझी भावजय) लग्नाच्या दिवशीच, नोंदणी अधिकाऱ्यासमोर, "हा कोट तुला शोभत नाही" म्हणाली होती. आमच्या लाकडी जिन्यांच्या कारखान्यातला भागीदार हिडे एकोणीस वर्षं रोज सकाळी कॉफी ओतता ओतता माझ्या जिन्यांतल्या चुका सांगतो आणि मग एकच बिस्कीट देतो. आणि एकदम? "छान." "सुरेख." वर दोन बिस्किटं! मला धडकीच भरली. एक तर मला मोठा आजार झालाय, नाहीतर दोघं मिळून मला कारखान्यातून काढताहेत. (दोघांचं काही जमलंय का, हेही मनात येऊन गेलं. पण लोबकेचं बोलणं हिडेला सोसायचं नाही.)

शेवटी परीक्षाच घ्यायची ठरवली. वाटाण्याचं सूप अळणी केलं. लोबकेने दुसऱ्यांदा वाढून घेतलं! मग एका जिन्याची सातवी पायरी मुद्दाम बोटभर उंच केली. हिडेने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वा, विब्रन! काय हात आहे तुझा!" मी तडक घरी येऊन अंथरूण धरलं. दोन दिवसांनी लोबकेला म्हटलं, "किती दिवस उरलेत ते सांगून टाक."

ती भडकलीच. "मरत नाहीयेस तू! कुणी खरं बोललं की आठवडाभर फुगून बसतोस. हिडे कठडा वाकडा म्हणाला, तर त्याच्या वाढदिवसाला जाऊन केकला हात लावला नाहीस! म्हणून आम्ही ठरवलं, गोडच बोलायचं. आणि ते सूप भयंकर होतं!"

ताई, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! (त्यानंतर चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही, ते वेगळ्या कारणाने.) हिडेलाही खडसावलं, की भागीदारीत लपवाछपवी चालायची नाही. बिचाऱ्याने मान खाली घातली.

तुझा,
विब्रन

ता. क. मी खरंच फुगतो का? मोकळेपणाने लिही. (पण विचार करून लिही.)

आणखी ता. क. मी अंथरुणात असताना हिडेने तो जिना नेऊन बसवला. तुझ्याकडेच. सातव्या पायरीला पाय जरा उंच उचलत जा. आणि पडलीस तरी हिडेला कळू देऊ नकोस. तो आता पुन्हा खरं बोलायला लागलाय.