उशी टाचेखाली

५ फेब्रु.
नलूकाकू गुडघा बदलून घरी आल्या. आमच्या गल्लीतल्या, दाना ओलीतल्या मराठी बायका बघायला जमल्या, तर काकू गुडघ्याऐवजी माझा व्हिडिओ दाखवतात, ऑपरेशननंतर काय करायचं त्याचा. "शेजारची मेधा. घरात पहिली बी.एस्सी. मराठीत सांगते बघा." दवाखान्याचा कागद इंग्रजीत, बाकी व्हिडिओ हिंदीत आणि नुसती आरडाओरड. म्हणून तर मी सुरू केले. छान वाटले आज.

१४ फेब्रु.
काकूंच्या गुडघ्याखाली उशी. मी व्हिडिओत सांगितली तशीच. "पाय सरळ केला की जीव जातो गं. उशीवर स्वर्ग." त्यांना परत सकाळी फूलबागेत फिरायला जायचंय, मैत्रिणींबरोबर. ऑपरेशन त्यासाठीच.

२४ फेब्रु.
काकूंना घेऊन फिजिओथेरपीच्या मॅडमकडे. गुडघा सरळ होत नाही. पलंगावर पाय पसरला तरी खालून माझी अख्खी मूठ जाते.
"तकिया किसने रखवाया?"
"इसने. पढ़ी-लिखी है हमारी." काकू कौतुकानेच बोलल्या.
मॅडम रागावल्या नाहीत. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली, गुडघा वरून दाबला. काकू कळवळल्या. "घुटने के नीचे कभी नहीं. पर्चे में लिखा तो है."
कागद काकूंच्या पिशवीत होता. घडीसुद्धा मोडलेली नाही. माझा व्हिडिओ आहे म्हटल्यावर कोण वाचणार. मी तरी कुठे मागितला.

२५ फेब्रु.
उशीचं मी जिथून घेतलं तो व्हिडिओ परत पाहिला. तो माणूस डॉक्टर आहे असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. पांढरा कोट होता, बस. आणि बघणारे खूप.
माझा काढून टाकला. आई म्हणाली, "काढलास ना? मग आता गावभर सांगत बसू नको." तरी नवा केला: चूक माझी, उशी टाचेखाली. जेमतेम कुणी पाहिला. जुना मात्र काकूंनी सगळ्या ग्रुपवर पाठवलेला. तिथून कसा काढू.

२ मार्च
काकूंना सरळ सांगितलं, काकू, तुमचा पाय माझ्यामुळे...
"चल, काहीतरीच. शिकलेली मुलगी तू, तू कशी चुकशील?"
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च
रोज दोन्ही वेळ जाते. टाचेखाली टॉवेल, वीस वेळा दाबणे. "जिवावर उठलीयस माझ्या," काकू म्हणतात, पण पाय ओढून घेत नाहीत. मूठ आता जात नाही. तीन बोटं जातात. फूलबागेचं विचारलं तर मॅडम, "देखते हैं."
आज दाबत असतानाच काकूंना फोन. शिंदे की छावनी मोहल्ल्यातून कोणी बाई, सासूबाईंचं ऑपरेशन सोमवारी. व्हिडिओ ग्रुपवर मिळाला, उशी आणून ठेवलीय.
काकू फोनमध्ये ओरडल्या, "तिचंच ऐका हो, हुशार आहे."
मी त्यांच्याकडून फोन घेतला. म्हटलं, उशीचं मी चुकीचं सांगितलंय. दवाखान्याचा कागद आहे ना, तो काढा, एकत्र वाचू.
"तो इंग्लिशमध्ये आहे हो ताई. तुम्हीच सांगा ना."
म्हटलं, काढा तरी. मी थांबते.
बाई कागद शोधायला गेल्या. माझा दुसरा हात काकूंच्या गुडघ्याखाली. तीन बोटं.