सदर इसम खाटेवर आढळून आला

३ फेब्रुवारी
बी.ए.ची शेवटची संधी. निबंध द्या लागते — ‘माझ्या जवळची व्यक्ती’. या खेपेले राहिला तर नोंदणीच रद्द. सर म्हणाले, ‘‘सत्यशीलाबाई, चंद्रपूरले विद्यापीठाचा लेखन मदत कक्ष आहे, तिथी दाखवा.’’ मी वनरक्षक. अर्धी नोकरी आलापल्लीच्या जंगलात पंचनाम्याचे कागद काळे करण्यात गेली. मले कोण शिकवते लिहायले?

५ फेब्रुवारी
लिहिला. नवऱ्यावरच लिहिला, दूर जा लागत नाई. शेजारच्या मनकर्णाबाईची आन् दादाजीभाऊची पंच म्हणून सही घेतली. घनश्याम म्हणे, ‘‘निबंधावर पंच कायले वं?’’ म्हटलं, बिनापंचाच्या कागदाले कोणी विचारत नाई.

१० फेब्रुवारी
कक्षात ज्योत्स्ना नावाची पोरगी, आमच्या पोराच्या, विक्कीच्या वयाची. मोठ्यानं वाचायले लागली —
‘‘सदर इसम घनश्याम, वय अंदाजे पन्नास, रंग सावळा, घराचे पूर्वेस खाटेवर झोपलेल्या अवस्थेत आढळून आला. अंगावर बनियान. जवळ तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी मिळून आली. इसमाने पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही.’’
आन् हसली. टेबल धरून हसली. बाकावरचे पोट्टे पण हसले. पंचांच्या सह्या पाहून तर तिच्या डोळ्यात पाणी आलं.
मी कागद उचलला आन् निघाली. बसमध्ये रडू आवरलं नाई. घरी सांगितलं, शिक्षण बंद. घनश्याम भाकर खात राह्यला. दगड आहे नुसता.

११ फेब्रुवारी
हा सकाळच्या बसनं चंद्रपूरले गेला. काऊन, तर मोटारसायकलची क्लच वायर आणायची. आलापल्लीत वायर मिळत नाई? सांजच्याले आला — हात हलवत! ‘‘विसरलो,’’ म्हणे. घरी बायकोचा जीव जाऊन राह्यला आन् याचं डोकं कुठी? भांडली मी चांगली.

१२ फेब्रुवारी
ज्योत्स्नाचा फोन. ‘‘बाई, चुकलं माझं. हसायले नव्हतं पाहिजे. या ना परत.’’
पाहा. न बोलता निघून आली, त्याचा असर. वनखात्याचा मान ठेवाच लागते.

१७ फेब्रुवारी
गेली. मानानं गेली. पोरीनं चहा मागवला. म्हणे, ‘‘बाई, जे दिसते ते तुम्ही लिहिलं. तुमाले काय वाटते ते कुठी आहे?’’
‘‘वाटते ते लिहिलं तर साहेब कागद फेकते.’’
‘‘इथी साहेब नाई. भाऊचा कधी राग आला?’’
हे सोपं होतं. क्लच वायर लिहिली. एका बैठकीत दोन पानं! बायको रडते अन् हा माणूस वायर आणायले जाते, तीही विसरून येते. गाडी अजून आंगणात उभी आहे. माझ्या दुःखाचं याले काही नाई, असंही लिहिलं.
ज्योत्स्ना वाचताना मधातच थांबली. माझ्याकडे पाहिलं. ‘‘चांगलं लिहिलं, बाई,’’ म्हणाली, पण चेहरा कसनुसा. पंच नको म्हणाली, तरी मी जमा करायच्या आधी मनकर्णाबाईची सही घेतलीच.

२० मार्च
पास!! सरांचा फोन. म्हणे, क्लच वायर साऱ्या वर्गाले वाचून दाखवली, लोकं पोट धरून हसले. या वेळी मलेही हसू आलं.
घनश्यामनं गल्लीत पेढे वाटले. सायकलनं जाऊन आणले, गाडी बंदच आहे. ‘‘काय लिहिलं वं माह्यावर?’’ म्हणे. म्हटलं, जे घडलं तेच.

२२ मार्च
ज्योत्स्नाले पेढे द्यायले गेली. म्हणाली, ‘‘आता सांगते, बाई. भाऊनं शपथ घातली होती. तुम्ही रागानं गेल्या ना, दुसऱ्या दिवशी ते इथी आले. दुपारभर दाराशी बसले. म्हणे, तिच्या कागदाले हसू नको पोरी, ती पुन्हा येनार नाई.’’
येताना क्लच वायर घेऊन आली.