कंपाउंडरबाबांचा चुकलेला अंदाज

बाबा,

पत्र्याच्या त्या शेडमध्ये, तारेमागे कोंडलेल्या आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एकच तक्रार होती. देवी निघालेल्यांपैकी कोण जगणार हे तुम्हाला ठाऊक असायचं आणि तुम्ही ते आम्हाला सांगत नव्हतात. डॉक्टरसाहेब सकाळी दारातूनच विचारायचे, तुम्ही हळू आवाजात उत्तर द्यायचात, आणि खाटांवरून आम्ही तुमचे ओठ न्याहाळत पडलेलो असायचो.

तुमची रीत मला अजून दिसते. नवा रोगी आला की आधी, "बाही वर कर." दंडावर टोचल्याचा जुना वण दिसला की तुमचा आवाज सैल पडायचा. मग चेहरा. फोड सुटे सुटे असले तर पेज पाजून पुढे जायचात. एकमेकांत मिसळून गेलेले असले तर त्या खाटेशी जरा जास्त वेळ थांबायचात. मलाही देवी निघाल्या, तेव्हा माझी बाही तुम्ही वर करायला लावलीच नाहीत. तो वण तुम्हीच केलेला, लहानपणी मला मांडीत दाबून धरून. "भाषण देऊन राहिला मोठा," एवढंच म्हणालात, "अन् सोताच्या दंडावर ठप्पा घेऊन फिरते."

भाषण मी खरंच दिलं होतं. देवी टोचणारे लोक पोलिसांना घेऊन आम्हा मजुरांच्या झोपड्यांत शिरले, तेव्हा नव्या पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायाच्या खड्ड्याकाठी मातीच्या ढिगावर चढून मी ओरडलो होतो, "आपले हात कामासाठी आहेत, यांच्या सुईसाठी नाहीत!" सेंटरिंगचा एक सुतार, आपल्याच भंडाऱ्याकडचा, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. दीड महिन्यानं तो माझ्या शेजारच्या खाटेवर आला. त्याचा दंड कोरा होता.

"तुह्या बापाले विचार ना बे, मी वाचतो का?" त्याचे डोळे उघडत नव्हते.

मी विचारलं. "दोन दिवस," तुम्ही म्हणालात. "बायको जामुलले आहे त्याची. बलावू का विचार. तारेपल्याडून पाहून तरी घेईन बिचारी."

त्याच्या खाटेपर्यंत चार पावलं होती. शेवटची खपली गळेपर्यंत त्या शेडमधून कुणाची सुटका नव्हती, आणि त्याच्या प्रश्नातून माझीही नव्हती. मी म्हणालो, "बाबा म्हणते, तू वाचते."

फुटलेल्या ओठांनी तो हसला. "मंग तिले कायले बलावता? तिलेही लागन. येऊ नको म्हना, कंपाउंडरबाबानं जबान देल्ली." पाणक्याच्या तोंडी निरोप शेजारच्या जामुल गावी गेला. तुम्हाला मी इतकंच सांगितलं, "नको म्हणते."

तिसऱ्या दिवशी तो गेलेला होता आणि त्याची बायको तारेशी उभी होती. "तुमीच म्हनलं ना वाचते म्हनून? म्या तं घरीच बसून राहिली!"

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. चेहरे वाचण्यात तुमची हयात गेलेली, माझाही वाचलात. मग तिला म्हणालात, "हो बाई. माहा अंदाज चुकला."

तुमचा अंदाज त्याआधी मी चुकलेला पाहिला नव्हता. त्यानंतर मात्र वस्तीत तुम्हाला ऐकावं लागलं, "कंपाउंडर वाचते म्हनते? मंग लाकडं आना!" तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढच्याला बाही वर करायला सांगायचात.

पुढे मी टोचून घ्या म्हणून घसा फोडला. भर सभेत हजारदा म्हणालो, मालकासमोर खरं बोलायला भिऊ नका. तिचे केस आता पिकायला लागले आहेत. लग्नाकार्यात भेटते, तुम्हाला खोटारडा म्हणते, आणि मी ताटाकडे पाहत जेवत राहतो.

बाबा, एकदा जामुलला जा. तिच्या दारात उभं राहून सांगा, ते बोलणं माझं नव्हतं, पोराचं होतं. मला जमत नाही. आज पत्र खरं तर तिलाच लिहायला बसलो होतो. पहिला शब्द तुमच्या नावाचा पडला, आणि मला हायसं वाटलं.